बँकरसाठी दोन झेंडे

२७ सप्टेंबर २०२५, शनिवार

चौतीस वर्षं रेल्वेचा गार्ड म्हणून गाडीच्या शेवटच्या डब्यात बसून मी वही लिहिली. कुठलं स्टेशन, किती वाजता, किती मिनिटं उशीर आणि का. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली आणि या काळात लिहिण्यासारखं काही घडलं नाही. आज घडलं. लेकीची, तेजलची, कॉलेजातली अर्धी कोरी वही माळ्यावरून काढली.

सकाळी ११.४० ला डॉ. रुमाईसा कुत्रा घेऊन आल्या. यायच्या होत्या ११.१५ ला. त्यांचं म्हणणं, तीनदा फोन केला, फाटकाशी उभं राहून हाकाही मारल्या. फोन माझ्या खिशातच होता. या नव्या फोनचा आवाज फारच बारीक आहे.

हकीकत अशी. तीन आठवड्यांपूर्वी खंडाळ्याच्या बोगद्याजवळ ट्रॅकमनना एक कुत्रा रुळावर बसलेला दिसला. मागून गाडी येतेय, ड्रायव्हर शिट्टीवर शिट्टी देतोय आणि हा पंजा चाटतोय. गाडी थांबता थांबता शेपटीचं टोक गेलं, बाकी कुत्रा वाचला. त्या ट्रॅकमनपैकी जानू माझ्या ओळखीचा. त्याने मला फोन केला, मी रुमाईसांना. त्यांचा जनावरांचा दवाखाना लोणावळ्याच्या बाजारात आहे. तेव्हा या सगळ्याची सुरुवात माझ्यापासून झाली, असं माझ्या बायकोचं, हिराचं, म्हणणं आहे. ते खरंही आहे.

कुत्रा जन्मापासून बहिरा आहे. रुमाईसांनी प्रयोगच करून दाखवला. कुत्रा आणि मी पायरीवर बसलो होतो. त्या मागे गेल्या आणि म्हणे स्टीलच्या ताटावर पळी आपटली. कुत्र्याने मान वळवली नाही. मीही वळवली नाही, कारण माझं सगळं लक्ष कुत्र्याकडे होतं. "पाहिलंत ना काका?" म्हणाल्या आणि बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. डॉक्टर मुलगी आहे, काही विचार करत असेल.

ठरलं ते असं: कुत्रा आमच्याकडे तात्पुरता. त्याला माणसांत राहायला शिकवायचं आणि कायमच्या घरासाठी तयार करायचं. मुदत ७ डिसेंबर. त्या दिवशी तेजल बाळंतपणाला माहेरी येतेय. दोन खोल्यांचं घर आमचं, त्यात बाळंतीण, तान्हं बाळ आणि कुत्रा हे जमणार नाही, असं हिराने पहिल्याच वाक्यात सांगितलं. तोवर घर मिळालं नाही, तर याला निवाऱ्यात पाठवावं लागेल. तिथे दीडशे कुत्री आणि रांगेने पिंजरे. बहिरा कुत्रा तिथे मागून कुणी आलं की दचकतो, दचकला की चावतो. चावऱ्या कुत्र्याला मग कुणी नेत नाही. जन्म पिंजऱ्यात जातो.

एकाहत्तर दिवस आहेत.

३० सप्टेंबर, मंगळवार

नाव ठेवलं. अंगणात फिरताना हा सतत माझ्या मागे असतो आणि पोटरीला नाकाने ढकलतो. घाट चढताना गाडीला मागून जोर द्यायला जे जादा इंजिन लावतात त्याला आम्ही बँकर म्हणायचो. हाही बँकर.

हिरा म्हणाली, "ज्याला ऐकूच येत नाही त्याला नाव कशाला?"

मी म्हटलं, "नाव आपल्यासाठी असतं."

२ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी विहारात वंदनेला जाऊन आलो. कपडेही न बदलता बँकरच्या शिक्षणाला सुरुवात केली.

मी रात्री यावर विचार केला आहे. बहिऱ्याला हाक मारून उपयोग नाही, पण रेल्वेत तरी हाका कोण मारतं? दीड हजार टनांची गाडी एका माणसाच्या हाताच्या खुणेवर थांबते. मग वीस किलोचा कुत्रा का थांबू नये?

झेंडे सापडले नाहीत, ट्रंक माळ्यावर खोल गेली आहे. पण नियमात त्याचीही सोय आहे. लाल झेंडा जवळ नसेल तर दोन्ही हात उघड्या पंज्यांनी डोक्याच्या वर धरायचे, की धोका. बँकर ताटलीकडे धावत आला तसे मी दोन्ही हात वर केले. तो थबकला. लगेच सुकटीचा तुकडा दिला. असं बारा वेळा केलं, त्यातले नऊ वेळा थांबला.

मला तर नोकरीच्या पहिल्या दिवसासारखं झालं आहे.

६ ऑक्टोबर, सोमवार

घराला सुकटीचा वास येतो अशी तक्रार. खिडक्या उघड्या ठेवल्या.

झोपलेल्या कुत्र्याला उठवण्याचा सराव चालू आहे. आधी फरशीवर पाय आपटायचा, म्हणजे त्याला हादरा कळतो. मग खांद्याला हात लावायचा, मग लगेच खाऊ. पहिल्या दिवशी दात दाखवले होते. आज डोळे न उघडता तोंड उघडलं.

हिराने मला तीन शिट्ट्या झाल्यावर कुकर बंद करायला सांगितलं होतं. ती शेजारी गेली. वरण करपलं. शिट्टी झालीच नाही. कुकरची शिट्टी बिघडली असणार, उद्या नवी आणतो.

११ ऑक्टोबर, शनिवार

ट्रंक निघाली. दोन्ही झेंडे आहेत, लाल जरा विटला आहे. शिवाय बिल्ला, कंदील आणि १९९८ ची डायरी. हातात झेंडा घेतल्यावर पाठ आपोआप ताठ झाली. हिरा हसली, पण चहा आणून दिला.

आजपासून खरं शिक्षण. लाल म्हणजे थांब. हिरवा म्हणजे ये. हिरवा उजव्या हाताने मोठ्या कमानीत हलवायचा, जसा आम्ही गाडी सुटताना हलवायचो. लाल मात्र मी दोन्ही हातांत ताणून डोक्यावर धरतो, कारण त्याला आधी तशी सवय आहे.

पाच वाजेपर्यंत पोराने दोन्ही सिग्नल ओळखले. मी ज्या लोकांना झेंडे शिकवले त्यांतल्या काहींना आठवडा लागला होता.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

दिवाळी. गल्लीतली सगळी कुत्री म्हणे मोऱ्यांत आणि गाड्यांखाली जाऊन बसली. बँकर पायरीवर पाय ताणून घोरत होता. बहिरेपणाचा एवढा फायदा मी आजवर कुणाला झालेला पाहिला नाही.

तसे यंदा फटाके कमीच होते. लोक शहाणे होत चालले आहेत. हिराला तसं बोलून दाखवलं तर ती नुसती कानावर हात ठेवून आत गेली.

२९ ऑक्टोबर, बुधवार

बँकर पट्ट्याला ओढ न देता कुसगावच्या मंदिरापर्यंत जाऊन आला. वाटेत दोन शाळकरी मुली, एक म्हैस, चार मोटारसायकली. प्रत्येक वेळी वळून माझ्याकडे बघत होता. बघितलं की खाऊ. आता तो पाच पावलांनी एकदा बघतो, जणू मी पळून जाईन.

हिराचं नवीन म्हणणं: मी हाक मारल्यावर ओ देत नाही. मी म्हटलं, तू अलीकडे पुटपुटतेस. त्यावर ती एवढंच म्हणाली, "बरं."

८ नोव्हेंबर, शनिवार

बातमी! उद्गारचिन्ह मी आयुष्यात वहीत दिलं नव्हतं, पण आज देतो.

रुमाईसांना घर सापडलं. टाकवे बुद्रुकचे समर्थ. कंपनीत कामाला आहेत, गावात स्वतःचं घर, भोवती तारेचं कुंपण, दोन म्हशी, आई सोबत. आधीचा कुत्रा म्हातारा होऊन गेला. पुढच्या रविवारी मी बँकरला घेऊन जायचं.

एका कागदावर सूचना लिहून काढल्या. खाण्याच्या वेळा, इंजेक्शनच्या तारखा, उठवण्याची रीत. खाली दोन ओळी लाल आणि हिरव्या पेनने: लाल झेंडा, थांब. हिरवा झेंडा, ये.

बँकरला आंघोळ घातली. मीही भिजलो.

१६ नोव्हेंबर, रविवार

जे झालं ते क्रमाने लिहितो.

१०.०५ ला टाकव्याला पोचलो. घर उत्तम. समर्थ सभ्य माणूस, तिशीचा. आई चिमाबाई गोठ्यात होत्या. शेणाचं घमेलं घेऊन आल्या तशा बँकरकडे बघून म्हणाल्या, "आलं का माजं लेकरू."

चहा झाला. मी समर्थला झेंडे दिले, कागद वाचून दाखवला आणि लांब उभा राहिलो. त्याने हिरवा झेंडा उभा धरला, प्रजासत्ताक दिनाला धरतात तसा. बँकरने त्याच्याकडे पाहिलं आणि तुळशीकडे निघून गेला. समर्थने लाल धरला. बँकरने तंगडी वर केली.

"जरा वेळ लागेल," मी म्हटलं.

तेवढ्यात पेंडीचा टेम्पो आला. समर्थच्या भावकीतल्या कुणी फाटक उघडलं. बँकर सरळ बाहेर, रस्त्याच्या दिशेने. समोरून वाळूचा डंपर येत होता. समर्थ लाल झेंडा धरून उभा, रंग अगदी बरोबर. मी हाका मारत होतो. बहिऱ्या कुत्र्याला मी बोंबलून हाका मारत होतो.

चिमाबाईंनी घमेलं टाकलं, पुढून आडव्या धावल्या आणि दोन्ही हात डोक्यावर केले, उधळलेली म्हैस अडवतात तसे. बँकर जागच्या जागी थांबला. बसला. डंपर गेला.

समर्थचा चेहरा पांढरा पडला होता. म्हणाला, "काका, माझी सेकंड शिफ्ट असते. आई एकटी असते. आज ती गाडीखाली गेली असती. आम्हाला नाही जमणार हे."

चिमाबाई मुलाला काहीतरी सांगत होत्या, पण मला तोंड दाखवायची लाज वाटत होती. झेंडे गुंडाळून निघालो.

नवीन जागी बावरला असावा. चिमाबाईंच्या हाताला यश आलं, तो नशिबाचा भाग.

आता एकवीस दिवस उरले.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

काल लिहिलं नाही. जेवण गेलं नाही. बँकर दिवसभर पोटरी ढकलत होता.

आज दवाखान्यात गेलो. रुमाईसा एका बोकडाचा पाय बांधत होत्या. मी म्हटलं, हुशार कुत्रा आहे, रंग चुकला कसा? त्यांनी बोकड बाजूला दिला आणि विचारलं, "कुठले रंग, काका?"

झेंड्यांचं सगळं त्यांना मी सांगितलंच नव्हतं, हे तेव्हा लक्षात आलं. फक्त "खुणा शिकवतोय" एवढंच म्हटलं होतं.

"कुत्र्यांना लाल आणि हिरवा आपल्यासारखा वेगळा दिसत नाही. दोन्ही मातकट पिवळेच दिसतात."

मला राग आला. मी म्हटलं, "मग महिनाभर रोज बरोबर सिग्नल कसा ओळखतो तो?"

"तुम्ही झेंडा धरता कसा, मला दाखवा."

बोकडाच्या मालकासमोर मी दाखवला. त्या हसल्या नाहीत, ओठ मात्र दाबून धरले होते.

१९ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी ७.१० ला चाचणी घेतली. साक्षीदार हिरा.

चाचणी एक. हिरवा झेंडा दोन्ही हातांनी डोक्यावर. बँकर थांबला.

चाचणी दोन. लाल झेंडा उजव्या हाताने कमानीत. बँकर धावत आला. चौतीस वर्षांत लाल झेंड्यावर सुटलेली ही पहिली गाडी.

चाचणी तीन. झेंडे हिराकडे दिले, मोकळे हात. थांबला. आला. थांबला. आला.

चाचणी चार. हिराने स्वयंपाकघराच्या दारातून पोळपाट पुसायचं फडकं कमानीत हलवलं. बँकर उंबरा ओलांडून थेट तिच्या पायाशी. तिने त्याला अख्खी पोळी दिली. आत यायचं नाही ही अट तिचीच होती, मी आठवण करून दिली नाही.

मी पायरीवर बसून एवढा हसलो की खोकला आला. महिनाभर मी त्याला रंग शिकवत होतो आणि तो बिचारा माझे हात पाठ करत होता. चूक कुत्र्याची नव्हती, समर्थचीही नव्हती. सूचनांचा कागद चुकीचा होता आणि कागद मी लिहिला होता. उशिराचं कारण: गार्ड. असं लिहायची वेळ नोकरीत कधी आली नाही.

पण केवढी सोपी गोष्ट झाली! हे कुणालाही जमेल. ज्याला दोन हात आहेत त्याला जमेल.

चिमाबाईंना तर न शिकवताच जमलं होतं.

२३ नोव्हेंबर, रविवार

रुमाईसांनी समर्थला फोन करून एक तास मागून घेतला. त्यांच्याच गाडीतून ९.५० ला टाकवे. या वेळी फाटकाला आधी साखळी लावली. मी स्वतः ओढून पाहिली.

समर्थ तयार नव्हताच. "काका, तुमच्यासमोर करेल. पण बहिरा कुत्रा राखणीला काय कामाचा? चोर आला तरी झोपलेला असणार."

चिमाबाई म्हणाल्या, "चोर न्यायला हाय काय रं आपल्या घरात? तुजी फटफटी? ती चालू व्हाया अर्धा तास लागतो, त्यो चोर तितंच सापडंल."

मी झेंडे आणलेच नव्हते. चिमाबाईंना अंगणाच्या एका टोकाला उभं केलं, बँकर माझ्याकडे. म्हटलं, मावशी, उजवा हात असा, मोठा फिरवा.

"आवं गार्डसायब, म्हशी वळवताना ह्योच हात करतो की आमी. त्या दिशीच म्हनत व्हते समर्थला, की त्या गड्याला झेंडं नगं दावू, हात दाव. पर तुमी मागं वळूनबी न्हाई बघितलं. मी फाटकापातूर आले हाका मारत."

हाका मारल्या असतील. मी विचारात होतो.

त्यांनी हात फिरवला. बँकर सुटला. वाटेत दोन्ही हात वर केले, थांबला. पुन्हा फिरवला, आला आणि त्यांच्या पोटरीला नाक लावून ढकलत गोठ्यापर्यंत घेऊन गेला. म्हशीने मान वळवून पाहिलं, बस. अकरा वेळा केलं, अकरा वेळा बरोबर. मग समर्थने करून पाहिलं. त्याचा हात आधी अर्धाच फिरला, चिमाबाईंनी त्याचं कोपर धरून सरळ केलं. तेव्हा त्याच्याकडेही आला.

"आई, तू दिवसभर बोलत असतेस. याला एक शब्द ऐकू येणार नाही," समर्थ म्हणाला.

"त्येच तर चांगलं. माजं आयकून तू कटाळलास, म्हशी कटाळल्या. ह्याला कसला तरास न्हाई. निसता बघत ऱ्हाईल माज्या तोंडाकडं."

समर्थ कुंपणाच्या कडेने फाटकापर्यंत जाऊन आला. मग म्हणाला, "फाटकाला आपोआप मिटणारी स्प्रिंग बसवतो. आठवडा द्या."

परतताना मी गाडीत गाणं म्हणत होतो, असं रुमाईसांनी हिराला सांगितलं. फार मोठ्याने म्हणत होतो, असंही.

३० नोव्हेंबर, रविवार

१०.२० ला बँकर टाकव्याला रवाना. मुदतीच्या सात दिवस आधी. फाटकाची स्प्रिंग पाहिली, जोरदार आहे.

नवीन कागद दिला. त्यात रंग नाहीत. दोन चित्रं आहेत, माणसाची, हात कसे करायचे ती. हिराने काढली.

निघताना मी दोन्ही हात वर केले. थांब. तो बसला. मी फाटकाबाहेर आलो तरी बसलेलाच होता. मग चिमाबाईंनी हात फिरवला, तेव्हा उठून गेला. माझ्याकडे दोनदा बघितलं, पाच पावलांनी एकदा.

मला वाईट वाटलेलं नाही. काम नीट झालं आहे. घरी येऊन फाटक रंगवायला घेतलं, ते रंगवायचंच होतं. पोटरीला सारखं काहीतरी लागल्यासारखं वाटतं.

रुमाईसांनी दिलेल्या कागदांत एक चिठ्ठी आली आहे, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांची, बाजारातल्याच. कुत्र्याच्या कागदांत चुकून आली असावी. परत द्यायला हवी. वहीत ठेवली आहे.

७ डिसेंबर, रविवार

तेजल ३.१५ ला आली. जावईबापूंनी सोडलं. पोट छान दिसतंय, पाय सुजले आहेत.

टाकव्याहून रोज फोटो येतात. आजच्या फोटोत बँकर म्हशीच्या मागे चालला आहे आणि चिमाबाई पुढे बोलत चालल्या आहेत. समर्थने खाली लिहिलंय, आई याच्याशी आमच्यापेक्षा जास्त बोलते.

संध्याकाळी मी अंगणात फाटकाला रंगाचा दुसरा हात देत होतो. वर पाहिलं तर स्वयंपाकघराच्या दारात हिरा. तोंडाने काही नाही, नुसता उजवा हात मोठ्या कमानीत फिरवला. मी ब्रश ठेवला आणि उठलो. पायरीशी आलो, ताट वाढलेलं दिसलं, तेव्हा डोक्यात आलं की मी कशावर उठलो.

तेजल पदराआड हसत होती.

मी विचारलं, "बँकरची खूण तू माझ्यावर चालवतेस? कधीपासून?"

"दिवाळी झाल्यापासून," हिरा म्हणाली. जवळ आली होती आणि माझ्याकडे तोंड करून बोलत होती. हेही ती कधीपासून करतेय कुणास ठाऊक. "आधी घसा कोरडा व्हायचा माझा. आता बरं आहे. तुम्ही पहिल्या हाताला उठता. बँकरला दोनदा करावा लागायचा."

मी जेवलो. मग ही वही पहिल्या पानापासून वाचली. फोन, ताट आणि पळी, कुकर, फटाके, चिमाबाईंच्या हाका. सगळं माझ्याच अक्षरात आहे, वेळेसकट.

चिठ्ठी वहीतच होती. उद्या ११ ची वेळ घेतली आहे. फोन हिराने केला.